गेल्या वर्षीचं मॉडेल

शुक्रवारी कुवेतला सुट्टी असते. त्यामुळे पनवेलच्या मोहल्ल्यात जुम्म्याची नमाज आटोपली की घराघरांतले फोन वाजू लागतात. फहमिदा पटवेकरचाही वाजायचा. पलीकडून तिचा नवरा मुनाफ तिची तब्येत विचारायचा, लेकीचं, यूम्नाचं कॉलेज विचारायचा, आणि सुट्टीवर यायचे दिवस जवळ आले असले की शेवटी म्हणायचा, "काय आणू?"

"काही नको. तुम्ही नीट या."

हे उत्तर ठरलेलं होतं आणि त्याचा अर्थही ठरलेला होता. काही नको, असा तो अर्थ नव्हता. मागणारीने कमी मागायचं आणि आणणाऱ्याने जास्त आणायचं, अशी रीत होती. तिला तकल्लुफ म्हणत. फहमिदाने एकदा लहानसा मिक्सर सुचवला होता, तर मुनाफने कणीक मळणारं, रस काढणारं, खोबरं किसणारं एक धूड आणलं. तिने पातळशी शाल म्हटलं, त्याने दोन माणसं झाकली जातील असं ब्लँकेट आणलं. सांगितलं तेवढंच आणणाऱ्या नवऱ्याबद्दल मोहल्ल्यात दबक्या आवाजात बोललं जाई, की बिचाऱ्याची कंपनी बरी नसेल.

मुनाफ कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी फोनच्या तारेवर गेली होती. तारेवर फार बोलता येत नाही. म्हणून न बोललेलं ओळखण्यात दोघं तरबेज झाली होती. त्या ओळखण्यालाच ती संसार म्हणत असावीत.

दोन हजार दहा सालच्या मार्चमध्ये मात्र फहमिदाने ‘काही नको’ म्हटलं नाही.

"लॅपटॉप हवाय," ती म्हणाली.

"हं. कुठला?"

तिने कंपनीचं नाव सांगितलं. मॉडेलचा नंबर एकेक अक्षर करून सांगितला आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. "गेल्या वर्षीचं मॉडेल आहे. नवीन नको. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला नको. साधा हवा."

"जुना कशाला?"

"जुनाच बरा. स्वस्तही पडेल."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

"बरं," मुनाफ म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. वीस वर्षांत ते हसू तिने कितीदा तरी ऐकलं होतं, आणि तरी त्या दिवशी तिला ते ऐकू आलं नाही.

*

फहमिदा गणिताची पदवीधर. यूम्ना शाळेत जायला लागली तेव्हा तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला, मग घराच्या पुढच्या खोलीत मुलींसाठी क्लास काढला. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेली मशीनं होती. त्यांच्यावर विंडोज चढवलं की ती धापा टाकत. वर मुली पेनड्राइव्हमधून व्हायरस आणत आणि आठवड्यातला एक दिवस सगळं पुसून नव्याने भरण्यात जाई. मग कुठेतरी वाचून तिने उबुंटूची सीडी मागवली. ती फुकट येत असे, पोस्टाने, थेट हॉलंडहून. पोस्टमनने पाकीट उलटंसुलटं करून विचारलं होतं, "बाई, तिकडे कोण असतं तुमचं?"

"कोणी नाही," ती म्हणाली होती.

ते खरं होतं, आणि नंतर ते तितकंसं खरं राहिलं नाही. लिनक्स ही कुणा एका कंपनीची वस्तू नाही, हे तिला त्या सीडीवरून कळलं. जगभर विखुरलेली माणसं ती लिहितात, दुरुस्त करतात आणि उघडी ठेवतात. काही अडलं की ती प्रश्न लिहून पाठवायची आणि ब्राझीलमधला कुणी, केरळमधला कुणी उत्तर द्यायचा. कुणीही तिला ‘तुम्हाला काय करायचंय’ असं विचारलं नाही. तिथे जे लिहिलं तेवढंच वाचलं जाई. त्या कोरडेपणात तिला एक विसावा वाटायचा, ज्याबद्दल ती घरी कुणाशी बोलली नव्हती.

क्लासमधल्या एका मुलीच्या ओळखीने ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोचली. तिथे एका ट्रान्सपोर्ट ऑफिसचे मॅनेजर होते चारुदत्त गोडबोले. त्यांच्या मशीनांत लोखंडाची धूळ आणि ड्रायव्हरांच्या पेनड्राइव्हमधल्या गाण्यांबरोबर आलेले व्हायरस सारख्याच प्रमाणात साचले होते. मशीन बंद पडलं की बिल्टी छापता येत नाही आणि मालाची ती पावती हातात आल्याशिवाय ट्रक हलत नाही. फहमिदाने तिथली मशीनं लिनक्सवर नेली, बिल्टी छापणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. पहिल्यांदा ती त्या बाजारातून चालत गेली तेव्हा सळ्यांनी भरलेल्या ट्रकांवरून माणसं मान वळवून बघत होती. नंतर कुणी बघेना. मॅडम आल्या, एवढंच म्हणत.

त्या फेब्रुवारीत चारुदत्तनी बातमी दिली. "मॅडम, आमच्या मजल्यावरची सगळी ऑफिसेस तुमची सिस्टीम घ्यायला तयार आहेत. फक्त असोसिएशनला एकदा डेमो हवाय. सगळ्यांसमोर. जूनमध्ये."

"देते की."

"वाशीची एक पार्टीपण येणार आहे, त्यांची विंडोजवाली सिस्टीम दाखवायला. ते टाय घालून येतात." चारुदत्त हसले. "तुमचा स्वतःचा लॅपटॉप आहे ना? ऑफिसातलं मशीन वापरलं तर म्हणतील, आधीच काहीतरी भरून ठेवलंय."

"येतोय," फहमिदा म्हणाली.

मग ती निवड करायला बसली. पूर्ण महिना ती लोकांनी लिहून ठेवलेले अनुभव वाचत होती. नवीन लॅपटॉप बाजारात येतो तेव्हा त्यातले भाग कसे चालवायचे हे बनवणारे फक्त विंडोजला सांगतात. लिनक्ससाठी मग कुणीतरी, कुठेतरी, रिकाम्या वेळात बसून ते शोधून काढतो. त्याला महिने लागतात. म्हणून लॅपटॉप असा घ्यावा की ज्याच्यावर आधी इतर लोक ठेचकाळले आहेत आणि उठले आहेत. चकचकीत नको. ग्राफिक्स साधं, वाय-फाय ओळखीच्या कंपनीचं. एक नंबर तिने पक्का केला. आयुष्यात इतक्या नेमकेपणाने तिने काही मागितलं नव्हतं.

*

मुनाफ मेमध्ये आला. दोरीने बांधलेले, मार्करने नाव लिहिलेले खोके हॉलमध्ये ठेवले गेले. नणंदा आल्या, शेजारच्या आल्या. शेवटी त्याने हातातल्या बॅगेतून तो काढला.

तो मोठा होता. झाकणाला आरशासारखी चकाकी. उघडल्यावर कडेने निळा दिवा लागला आणि इंग्रजी अक्षरांच्या बाजूला अरबी अक्षरं उजळली.

"मागच्याच महिन्यात निघालाय," मुनाफ म्हणाला. "दोन-दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. दुकानदार म्हणाला, याच्यावर मॉडेल नाही."

"अल्ला, काय दिसतोय!" नणंद म्हणाली. "फहमिदा, नशीब काढलंस."

"ती जुना म्हणाली होती," मुनाफ सगळ्यांना सांगत होता. "नंबर दिला, एबीसीडी करून दिला! म्हटलं, समजलो."

सगळे हसले. फहमिदाही हसली. "मस्त आहे," ती म्हणाली. वीस वर्षं ती हेच म्हणत आली होती आणि आजवर ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुनाफ मासळी आणायला गेला असताना, तिने पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. दोन ओळी सरकल्या आणि स्क्रीन काळी झाली. चकचकीत काळी. त्यात तिला आपला चेहरा दिसत होता, डोक्यावरच्या ओढणीसकट. तो चेहरा तिने बराच वेळ पाहिला. मग सुरुवातीच्या आज्ञा बदलून पुन्हा सुरू केला. स्क्रीन आली, वाय-फाय नाही. वाय-फायसाठी जुळवाजुळव केली, तर पंखा घोंगावू लागला आणि बॅटरी बघता बघता उतरली. तिने प्रश्न लिहून पाठवला. केरळमधल्या माणसाचं उत्तर आलं, की हे कार्ड अगदी नवं आहे, अजून कुणाला जमलेलं नाही, सहा महिने थांबा.

ती आठवडाभर झगडली. रागावून नव्हे. तिला खात्री करून घ्यायची होती. डेमोच्या वेळी वीस माणसांसमोर ही स्क्रीन काळी झाली तर ती माणसं पुन्हा कधी तिच्याकडे वळणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की मुनाफला सांगावं लागेल. या घरात आलेली वस्तू आजवर कुणी नाकारली नव्हती.

जेवणं झाल्यावर दुपारी तिने सांगितलं.

"हा माझ्या कामाचा नाही."

मुनाफ पान जुळवत होता. "म्हणजे? बिघडला?"

"बिघडला नाही. छान आहे. पण लिनक्स चालत नाही त्याच्यावर. मी सांगितलेला तोच हवा होता."

"अगं, हा त्याच्या दुप्पट आहे!"

"म्हणूनच."

यूम्ना दारात येऊन उभी राहिली. "अब्बा, अम्मीला गाढव हवं होतं, तुम्ही घोडा आणलात."

"तू आत जा," दोघंही एकदम म्हणाली. ती गेली नाही.

मुनाफने पान खाली ठेवलं. "तू मिक्सर म्हणालीस, मी मोठा आणला. तू शाल म्हणालीस, मी ब्लँकेट आणलं. कधी बोललीस, नको होतं म्हणून?"

"तेव्हा हवं होतं."

"काही नको म्हणायचीस, तेव्हा?"

"तेव्हाही हवं असायचं."

"आणि साधा म्हणालीस तेव्हा?"

"तेव्हा साधा हवा होता."

"मग मला कुवेतमध्ये बसून हे कळायचं कसं?"

ही तक्रार नव्हती. तो खरंच विचारत होता. फहमिदाने आपल्या हातांकडे पाहिलं. कॉम्प्युटरला जे सांगायचं ते ती किती नेमकं सांगत असे, एक स्वल्पविराम चुकला तरी ते अडायचं आणि ती तो शोधून काढायची. या माणसाशी मात्र ती वीस वर्षं उलट्या अक्षरांत बोलत आली होती आणि तो ती बरोबर वाचत आला होता. सरळ लिहिल्यावर चुकला, तो दोष कुणाचा?

"तो होता दुकानात," मुनाफ हळूच म्हणाला. "तुझ्या नंबरचा. कोपऱ्यात होता. मी हातातपण घेतला. पण असं काळं खोकं घेऊन मी घरी यायचं? सगळ्यांसमोर उघडायचं? शरम वाटली मला."

यूम्ना आता मुकाट्याने आत गेली.

"उद्या माझ्याबरोबर चला," फहमिदा म्हणाली. "सुकापूरला एक दुकान आहे. तिथे बघू. हा यूम्नाला राहू दे, तिला विंडोजच लागतं."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं कळत नाही."

"मी निवडताना बघा."

*

सुकापूरचं दुकान भावेश म्हात्रेचं. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, काचेच्या दाराचं. वडील महादेव पांढऱ्या शर्टात काउंटरमागे बसून रस्त्यावरची रहदारी बघायचे. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, ती गेली. भावेश सांगायचा, अजूनही ते दुपारी ऊन कडक झालं की खूश होतात.

फहमिदाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "भावेश, एकेक लॅपटॉप याच्यावरून सुरू करून बघायचाय."

भावेशचा हात आडवा आला. "ताई, नको हां! आतलं विंडोज उडालं तर कंपनी माल परत घेणार नाही."

"आत काही लिहिलं जात नाही. पेनड्राइव्ह काढला की जसं होतं तसं."

"सगळे असंच बोलतात. मग मी निस्तरत बसतो."

"भावेस," महादेव बसल्या जागेवरून म्हणाले, "करू दे रं तिला. आपल्या मिठागरावं व्यापारी येयाचा, तो मीठ जिभंवर ठेवल्याबिगर भाव बोलायचा नाय. आमी त्याला काय सांगत होतो, आधी पैसं टाक, मंग चाख?"

"बाबा, हे मीठ नाय."

"मीठ नाय तं काय हाय? न चाखता न्यायचा आन् घरी जाऊन थुकायचा? चाख गो बाय, तू चाख."

फहमिदाने चाखायला सुरुवात केली. पहिला लाल रंगाचा, लगेच उठला, पण वाय-फाय दिसेना. दुसरा सुरेख चालला. भावेश खुलला आणि पिशवी काढायला वाकला. तेवढ्यात तिने झाकण मिटलं, थांबली, उघडलं. लॅपटॉप झोपलेला तो झोपलेलाच. "हा नको," ती म्हणाली.

मुनाफ स्टुलावर बसून बघत होता. तिला असं काही करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. घरी ती त्याला ताटावर दिसायची, पाहुण्यांत दिसायची, निघायच्या दिवशी दारात दिसायची. इथे ती वाकून स्क्रीनवरच्या पांढऱ्या ओळी वाचत होती आणि आपण कुठे आहोत हेही विसरून गेली होती. स्टोअरमध्ये माल आला की तो स्वतः असाच वाचायचा, नट-बोल्टपासून, कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता. हे त्याला तिथे बसल्या बसल्या सुचलं.

"शेट, तुमी कशाला गप?" महादेवांनी विचारलं.

"मी आणला होता एक, काका. नापास झाला."

"आरं तिच्या! मंग गपच बसा. निदान तुमी तरी पास व्हाल."

भावेश मोठ्याने हसला. मुनाफही हसला, जरा उशिरा.

फहमिदाचं लक्ष काउंटरखाली गेलं. प्रिंटरच्या खोक्याखाली एक करडा लॅपटॉप दबला होता. "तो कुठला?"

"तो नका बघू, ताई. डॉसवाला आहे. आत विंडोजच नाही, कोणी घेत नाही. गेल्या वर्षापासून पडलाय."

"काढ."

तो तिच्या नंबरचा नव्हता, पण त्याच घरातला, धाकटा भाऊ म्हणावा असा. चकाकी नाही. जाड बिजागऱ्या. स्क्रीन अशी की तिच्यात स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. तिने पेनड्राइव्ह लावला. ओळी सरकल्या, थांबल्या, आणि स्क्रीन उजळली. कोपऱ्यात आसपासच्या वाय-फायची नावं एकाखाली एक उमटली, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरचं, समोरच्या बिल्डरचं. तिने आवाज तपासला, नेटवर्कची वायर लावून पाहिली. झाकण मिटलं. सगळे थांबले, महादेवसुद्धा. उघडलं.

तो जागा झाला.

"हा," फहमिदा म्हणाली.

मुनाफ उठून जवळ आला. त्याचा हात सवयीने वरच्या फळीकडे गेला, जिथे मोठे, चमकणारे ठेवले होते. "याच्यापेक्षा जरा..." तो म्हणाला आणि थांबला. हात खाली आणला. त्या हाताचं काय करावं हे त्याला क्षणभर कळेना. मग त्याने तो करडा लॅपटॉप उचलला, वजन अजमावलं, बिजागरी दोनदा हलवून बघितली.

"मजबूत आहे," तो म्हणाला. "द्या हाच."

*

कळंबोलीला डेमोच्या दिवशी खोलीत माणसं दाटीने बसली होती. वाशीची पार्टी आधी झाली होती आणि बरं बोलली होती. फहमिदा फार बोलली नाही. तिने झाकण उघडलं, वायर लावली, एकाच्या पेनड्राइव्हमधला व्हायरस मुद्दाम आत येऊ दिला आणि तो तिथे कसा निपचित पडून राहतो ते दाखवलं. मग बिल्टी भरली. पलीकडच्या ऑफिसातला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरू लागला. आवाज भिंतीतून ऐकू आला तसे दोनतीन जण उठून बघायला गेले आणि कागद फाडून घेऊन आले.

"आमच्या प्रिंटरवर चालेल?" एकाने विचारलं.

"चालेल," ती म्हणाली. "उद्या येऊन लावते."

बाहेर बाकावर मुनाफ चहा पीत बसला होता. शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, तुम्ही कंपनीचे इंजिनियर काय?"

"नाही," मुनाफ म्हणाला. "मॅडमचा मिस्टर."

काम फहमिदाला मिळालं. पूर्ण मजला एकदम नाही, तीन ऑफिसेस आधी पाठ फिरवून मग परत आली. पावसाळाभर ती गुंतून राहिली. त्या लॅपटॉपच्या कडांना लोखंडाची बारीक तांबूस धूळ बसली आणि तिने ती पुसली नाही.

पुढच्या सुट्टीच्या आधी तिने बाहेरची हार्ड डिस्क मागितली, नंबर देऊन. मुनाफने बरोबर त्याच नंबरची आणली. खोके उघडून झाले. नणंदांना काही, यूम्नाला काही. फहमिदासमोर ती हार्ड डिस्क, तळहाताएवढी.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"अगदी बरोबर."

तो समाधानाने चहा प्यायला गेला. फहमिदाने खोका जवळ ओढला आणि आत हात घालून पाहिला. तळाशी अरबी वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद होते, बाकी काही नव्हतं. यूम्ना बघत होती. "अम्मी, काही हवं होतं?" तिने विचारलं. फहमिदाने कागद नीट दाबून बसवले.

"हो," ती म्हणाली.

मुनाफ परत गेला. वर्ष सरलं, पुन्हा सुट्टी जवळ आली, शुक्रवारी फोन वाजला. तब्येत झाली, यूम्नाच्या नोकरीचं झालं.

"काय आणू?"

पलीकडे तो वाट बघत होता. फहमिदाच्या ओठांवर जुने दोन शब्द आले होते. तिने ते मागे सारले.

"शाल," ती म्हणाली. "निळी. चांगल्या लोकरीची. मोठी."

"मोठी?" मुनाफने सावधपणे विचारलं. "म्हणजे कशी?"

"मोठी म्हणजे मोठी."

"लिहून घेतो," तो म्हणाला. आणि या वेळी त्याच्या आवाजातलं हसू तिला स्पष्ट ऐकू आलं.